लॉन डॉकला घेतलंय!

बोटींच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. ते गंजासारखे आपोआप धरतात. आज एक खरवडून काढावा, तर उद्या त्याच्या शेजारी आणखी दोन! परवा आमच्याच ऑफिसातले कॅप्टन रेगे भेटले आणि तासभर नुसते आपटेसाहेबांच्या लॉनचेच किस्से निघाले. म्हटलं, रेगे हे सगळं चारचौघांत तिखटमीठ लावून सांगत सुटण्याआधी आपण खरं काय ते लिहून टाकावं.

मी पेठे. मरीन इंजिनियर. बारा वर्षं बोटींवर काढली आणि नव्वदच्या दशकात सिंगापूरला एका शिप मॅनेजमेंट कंपनीत सुपरिंटेंडेंट झालो. सुपरिंटेंडेंट म्हणजे काय, तर बोट बंदरात आली की शिडी चढून वर जायचं आणि तिथला चीफ इंजिनियर जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही. या अविश्वासाचाच पगार मिळतो! संध्याकाळी मरीन परेडच्या फ्लॅटवर परत आलो तरी ही सवय सुटायची नाही. बायको म्हणाली, आमटीत मीठ घातलंय, तर मी चमचा घेऊन उठायचो.

पण आमचे वरिष्ठ आपटेसाहेब यांच्यापुढे मी अगदीच भोळा.

*

आपटेसाहेबांची ख्याती होती ती त्यांच्या नाकाबद्दल.

एकदा आम्ही दोघं एका बोटीवर गेलो. चीफ इंजिनियरने इंजिन ऑइलचा लॅब रिपोर्ट पुढे केला. सगळं उत्तम. साहेबांनी रिपोर्टकडे पाहिलंसुद्धा नाही. डिपस्टिक काढली, तेलाचा थेंब बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाले, “यात डिझेल उतरतंय.”

“सर, लॅबने तर पास केलंय!”

“लॅबला नाक आहे?”

उघडून पाहिलं तर खरोखरच एका पंपातून डिझेल झिरपत होतं. त्या दिवसापासून आपटेसाहेब येणार असं कळलं की आमच्या बोटींवरचे चीफ लोक आफ्टरशेव्ह लावायचे बंद झाले. उगाच कशाला शंका!

सुमतीवहिनी, म्हणजे साहेबांच्या मिसेस, यावर एक गोष्ट हमखास सांगायच्या. “अंतरपाट दूर झाला, मी लाजत लाजत वर बघितलं, तर हे हार हुंगत होते! मला पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? म्हणे, फुलं कालची आहेत.”

*

साहेबांना असं घडवलं कोणी, तर गिलीस नावाच्या एका स्कॉटिश फोरमनने.

साठच्या सुमाराला साहेब विशीतले होते आणि स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठच्या एका गोदीत शिकाऊ म्हणून होते. गिलीस त्यांचा फोरमन आणि घरमालकही. त्याच्या माडीवरच्या खोलीत साहेब भाड्याने राहायचे. या गिलीसची नजर म्हणे अशी, की चष्मा न लावता शाफ्टवरची केसाएवढी चीर दाखवायचा. त्याच्या हाताखालून वाईट काम कधी पास झालं नाही.

एकदा साहेबांनी लॉगबुकात तापमान लिहिलं. गिलीसने विचारलं, “थर्मामीटर बघितलास?”

“नाही. पण रोज एवढंच असतं.”

गिलीसने ते पान टर्रकन फाडलं. “जे बघितलं नाहीस ते लिहायचं नाही. आधी लॉगबुक खोटं होतं, मग बोट बुडते.” हे वाक्य साहेबांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की रेगे आणि मी ते कोरसमध्ये म्हणायचो.

याच गिलीसच्या घरामागे एक लॉन होतं. बारीक, सुईसारख्या पात्यांचं, थंड हवेतलं गवत. कोपऱ्यात एका मोठ्या झाडाची सावली आणि त्या सावलीत नेचे. साहेबांचे वडील गेल्याची तार आली तेव्हा साहेब तिकडेच होते. घरी पोचायला बोटीने तीन आठवडे लागणार, तेव्हा जाऊन उपयोग नव्हता. गिलीसने त्यांच्या हातात लॉन कापायचं मशीन दिलं आणि स्वतः मागच्या पायरीवर बसून राहिला. सगळं गवत कापून झालं. गिलीस म्हणाला, “आता उलट्या दिशेने पुन्हा काप.” एवढंच बोलला. अंधार पडेपर्यंत तो तिथेच बसून होता.

साहेब परत निघाले तेव्हा गिलीसने त्यांना त्याच गवताच्या बियांचा एक टिन दिला. पुढे साहेब स्वतः बोटीवर असताना क्लाइडला गेले, तेव्हा आपल्या केबिनमध्ये जपून कढीपत्त्याचं रोप घेऊन गेले. गिलीस दांपत्याला साहेबांच्या हातची आमटी फार आवडायची ना, म्हणून! तेव्हापासून दर नाताळात तिकडून बियांचा टिन आणि एक पत्र यायचं. ‘तुझं झाड काचघरात छान वाढतंय.’ इकडून साहेबांचं उत्तर जायचं. ‘तुमचं गवत इथे छान वाढतंय.’

ते पत्र मी सिंगापुरात नवा असताना, साहेबांचं अंगण बघण्याआधी, एकदा टाइप होताना पाहिलं. माझा भाबडेपणा बघा, मला तेव्हा शंकाही आली नाही.

*

साहेब बुओना व्हिस्टाजवळच्या एका जुन्या, इंग्रजांच्या वेळच्या बंगल्यात राहायचे. कंपनीने दिलेला. पुढे भलंमोठं अंगण, त्यात सिंगापूरभर दिसतं ते रुंद पात्यांचं काऊ ग्रास. बाजूला एक अवाढव्य रेन ट्री आणि त्याच्या आसपास दोरी लावून वेगळा काढलेला जमिनीचा तुकडा. त्या तुकड्याला आम्ही सगळे स्कॉटलंड म्हणायचो. दर जानेवारीत स्कॉटलंड पंधरा दिवस हिरवं व्हायचं, महिन्याने पिवळं पडायचं आणि मार्चपर्यंत टक्कल!

एका ऑगस्टमध्ये रविवारच्या चहाला साहेबांनी रेगेंना आणि मला एक पत्र दाखवलं. गिलीस येत होता! वय ऐंशीच्या पुढे, मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघालेला, डिसेंबरमध्ये सिंगापूरला विमान बदलताना एक दुपार मोकळी. ‘तुझं लॉन बघायचंय’, असं त्याने लिहिलं होतं.

“चार महिने आहेत,” साहेब म्हणाले. “लॉन डॉकला घेतलंय!”

आणि खरोखर बोट दुरुस्तीसाठी डॉकला घेतात तसं सगळं सुरू झालं. डिफेक्ट लिस्ट निघाली, एकूण तेवीस कलमं. मेलेल्या गवताचा थर दातेरी फावड्याने ओढून काढायचा, हे माझं काम. मग जमिनीला श्वास घेता यावा म्हणून भोकं पाडायची. त्यासाठी मी वर्कशॉपमधून पोकळ पाइपचे तुकडे धार लावून आणले. रेगेंकडे उतार आणि पाण्याचा निचरा. ते समुद्रावरचे कॅप्टन, त्यांनी स्पिरिट लेव्हल लावून असा उतार काढला की पहिल्या पावसात सगळी वाळू आणि निम्म्या बिया शेजाऱ्याच्या गॅरेजात!

“डेकवाल्यांना पाणी बाहेर काढायचं एवढंच कळतं,” साहेब म्हणाले.

“आणि इंजिनवाल्यांना भोकं पाडायची,” रेगे म्हणाले.

हे सगळं अंकल लिम दोन्ही हात मागे बांधून बघत होते. लिम तिथले जुने माळी. वीस वर्षं त्या अंगणाचं काऊ ग्रास कापत होते. ते शांतपणे म्हणाले, “बॉस, धिस प्लेस गॉट ओन ग्रास. व्हाय मस्ट कॉल अदर ग्रास?”

साहेबांनी माझ्या कानात सांगितलं, “पेठे, या माणसावर लक्ष ठेवा.”

*

दुसऱ्यांदा पेरलं. आठ दिवसांत निम्म्या बिया गायब!

साहेबांचा संशय आधी लिमवर गेला, मग मैनांवर, मग शेजारच्या मांजरावर. शेवटी एका दुपारी ऑफिसात मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी दार लावलं. “रेगेंना हे लॉन नको आहे. परवा म्हणाले, सिमेंट करून बॅडमिंटन कोर्ट काढा. शनिवारी सकाळी तुम्ही नेच्यांच्या मागे बसा. कोणाला बोलू नका.”

नेचे म्हणजे आम्ही नुकतेच रेन ट्रीच्या सावलीत लावलेले. गिलीसच्या कोपऱ्यातल्यासारखे नाजूक नेचे काही इथे मिळेनात, म्हणून लिमनी टोपलीएवढे मोठे, चकचकीत पानांचे आणून लावले होते. दडायला उत्तम.

शनिवारी सकाळी सात वाजता मी जाऊन बसलो. डास चावत होते. हलायची सोय नव्हती. अर्ध्या तासाने समोरचा नेचा शिंकला.

मी उठून उभा राहिलो. समोरच्या नेच्यामागून रेगे उठून उभे राहिले.

“तुम्ही इथे काय करताय?” मी विचारलं.

“तुमच्यावर लक्ष ठेवतोय! साहेबांनी सांगितलंय. म्हणाले, पेठेंच्या मनात काही वेगळंच दिसतंय.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. तेवढ्यात रेगेंनी खाली बोट दाखवलं. आमच्या दोघांच्या बुटांच्या मधून मुंग्यांची एक लांबलचक रांग शिस्तीत चालली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर स्कॉटलंडची एक बी!

साहेबांना रिपोर्ट केला तर म्हणाले, “मुंग्या आहेत हे ठीक. पण त्यांना रस्ता कोणी दाखवला?”

*

सिंगापुरात घरोघर डासांची तपासणी करायला इन्स्पेक्टर येतात. कुंडीखालच्या बशीत पाणी साचलेलं सापडलं की दंड. हे इतकं कडक, की आमची मुलगी मुग्धा सहा वर्षांची असताना पाहुण्यांच्या घरी गेल्या गेल्या बश्या उचलून बघायची.

तर नेचे लावल्यावर आठवड्याभरात एक तरुण इन्स्पेक्टर बंगल्यावर आला. साहेबांनी त्याचं ओळखपत्र घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. फोटोशी त्याचा चेहरा पडताळला. मग टोपी काढायला लावून पुन्हा पडताळला. मग म्हणाले, “चला, मी बरोबर येतो.”

तो बिचारा टॉर्च घेऊन एकेक कुंडी बघत होता आणि साहेब त्याच्या मागे वाकून तीच कुंडी पुन्हा बघत होते. शेवटी त्याने वहीत ‘सर्व ठीक’ लिहायला पेन काढलं.

“थांबा,” साहेब म्हणाले. “ते बघितलंत? त्या झाडाच्या पानांच्या बेचक्यात?”

इन्स्पेक्टरने टॉर्च मारला. पानांच्या मधे चमचाभर पाणी होतं.

“जे बघितलं नाही ते लिहायचं नाही!” साहेब विजयाने म्हणाले.

इन्स्पेक्टर गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. “सर, यू वॉन्ट मी टू फाइन यू, इज इट?”

वहिनींनी धावत येऊन ते पाणी झटकलं आणि त्याला सरबत दिलं. तो सरबत पिऊन गेला. साहेब नंतर म्हणाले, “सरबत पटकन प्यायला. मला त्याच्या ट्रेनिंगबद्दल शंका आहे.”

*

ऑक्टोबरपर्यंत तिसरी पेरणीही फसली. उन्हातला भाग करपला, सावलीतला कुजला. मुग्धाने कठड्यावरून निकाल जाहीर केला, “आजोबा, युवर ग्रास डाय ऑलरेडी लाह!” उन्हातल्या भागावर साहेबांनी लिमना काऊ ग्रास लावू दिलं. स्कॉटलंड उरलं ते रेन ट्रीखाली, नेच्यांच्या मधे, दोन सतरंज्यांएवढं. तेही उघडंबोडकं.

आणि गंमत म्हणजे साहेब एकदम शांत झाले! ओरडणं बंद, डिफेक्ट लिस्ट बंद. इंजिनियर माणसाला अशी शांतता आवडत नाही. चालू इंजिनाचा आवाज बदलला की काहीतरी बिघडलेलं असतं.

एका रविवारी सुमतीवहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. “भाऊजी, खरं सांगाल?”

“काय झालं वहिनी?”

“मागे नोकरांची खोली आहे ना, ती वर्षभर रिकामी होती. आता तिला कुलूप असतं. किल्ली यांच्याकडे. आत एअरकंडिशनर दिवसरात्र चालू. सकाळी ऑफिसला जायच्या आधी तिथे अर्धा तास, आल्यावर अर्धा तास. आणि काल...” वहिनींचा आवाज एकदम बारीक झाला. “काल आतून हे कोणाशी तरी बोलत होते. ‘घाबरू नकोस, आणखी थोडेच दिवस’ असं म्हणत होते.”

बाहेर येऊन मी रेगेंना सांगितलं. रेगे म्हणाले, “स्टोअवे! बोटीतून लपून आलेला कोणीतरी असणार. साहेबांना दया आली असेल.” मला वेगळीच शंका येत होती, पण ती वहिनींसमोर बोलण्यासारखी नव्हती.

त्याच संध्याकाळी साहेब त्या खोलीत शिरले तसे आम्ही तिघे मागून गेलो. वहिनी पुढे. त्यांनी दारावर एकच थाप मारली, “उघडा! मला सगळं कळलंय!”

दार उघडलं. आतून बर्फासारखा वारा आला. साहेब समोर उभे. सिंगापुरात, अंगात लोकरीचा स्वेटर आणि डोक्याला मफलर! त्यांच्या मागे भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या, फळ्यांवर ट्रे, वर ट्यूबलाइट, आणि ट्रेंमध्ये हिरवंगार, बारीक, सुईसारखं गवत.

“दार लावा,” साहेब म्हणाले. “गारवा जातोय!”

वहिनी ते गवत बघत राहिल्या. मग त्यांचा जो बांध फुटला! “पंचवीस वर्षं म्हणतेय, बेडरूमचा एसी जरा वाढवा! तर म्हणे सांधे धरतात! आणि गवताचे सांधे धरत नाहीत?”

रेगे हसायला लागले. मीही. पण साहेब हसले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि मफलर काढून मांडीवर ठेवला.

“पेठे, तीस वर्षं त्या माणसाला लिहितोय, तुमचं गवत छान आहे. पहिल्या वर्षी खरंच उगवलं होतं, तेव्हा लिहिलं. मग मेलं. पण म्हटलं, पुढच्या वर्षी उगवेल. तोपर्यंत कशाला म्हाताऱ्याला वाईट वाटू द्यायचं? ज्याने एका खोट्या आकड्यासाठी माझं पान फाडलं, त्याला मी तीस पानं खोटी पाठवली. आता तो येऊन उभा राहणार. त्याला निदान दोन सतरंज्यांएवढं तरी खरं दाखवू दे मला.”

वहिनींनी त्यांचा मफलर उचलला आणि पुन्हा त्यांच्या गळ्यात गुंडाळला.

*

ठरलं असं, की गिलीस येण्याच्या दिवशी सकाळी ट्रेमधलं गवत उचलून सावलीतल्या उघड्या जागेत बसवायचं. एक दुपार तग धरली की झालं.

आता साहेबांचा कोणत्याही मशीनवर विश्वास नव्हता. एअरकंडिशनर बिघडला तर? वायर तापली तर? म्हणून आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला एक जादाचा सेफ्टी कटआउट बसवला. जरा काही गडबड झाली की वीज आपोआप बंद!

तो कटआउट चोख होता. त्याला रात्रीच कसलीतरी शंका आली.

सकाळी सातला साहेबांनी दार उघडलं तर खोली भट्टीसारखी. सगळे ट्रे उकडलेल्या पालकासारखे. एअरकंडिशनर ठणठणीत होता, वायर ठणठणीत होती. फक्त कटआउट पडलेला.

मी पोचलो तेव्हा साहेब पायरीवर बसले होते. रेगे विमानतळावर गेले होते, गिलीसला आणायला. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “साहेब, कोणी मुद्दाम तर नाही ना...?”

“नाही,” साहेब म्हणाले. “हे माझंच.” त्या चार महिन्यांत त्यांनी दुसऱ्या कोणावर संशय घेतला नाही असा तो एकच प्रसंग.

अंकल लिम आले. त्यांनी ट्रे पाहिले, उघडी जमीन पाहिली, घड्याळ पाहिलं. मग काही न विचारता बंगल्यामागे गेले आणि फावड्याने काऊ ग्रासच्या चौकोनी लाद्या कापून आणायला लागले. दोन तासांत त्यांनी नेच्यांच्या मधली सगळी जागा भरून टाकली. रुंद, जाड, लांबूनही ओळखू येईल असं काऊ ग्रास. “नॉट स्कॉटलंड,” लिम म्हणाले, “बट ग्रीन.”

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “आल्या आल्या मी त्यांना खरं सांगणार आहे. सगळं.”

*

गिलीस आला. सुटाबुटात, टाय घट्ट, हातात काठी. चष्मा नाही! गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने कठड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “इथे रंगाखाली गंज आहे.” मी नंतर खरवडून पाहिलं. होता.

साहेब त्याच्यापुढे विशीतल्या पोरासारखे उभे होते. “सर, मला तुम्हाला एक...”

“आधी लॉन,” गिलीस म्हणाला.

आम्ही सगळे रेन ट्रीखाली गेलो. साहेबांनी पुन्हा तोंड उघडलं. “सर, हे जे गवत आहे ना, ते...”

गिलीसने काठी माझ्या हातात दिली. रेगेंच्या खांद्याचा आधार घेत तो हळूहळू गुडघ्यांवर बसला. त्या रुंद पात्यांवरून त्याने तळहात फिरवला. एक पातं तोडलं, डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ बघितलं. मग पलीकडे साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तेही बराच वेळ.

“हेच ते,” गिलीस म्हणाला. “माझ्या घरामागचं. अगदी तेच.”

साहेबांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

रेगेंनी त्याला उठवलं. व्हरांड्यात बसल्यावर त्याने बॅगेतून एक जुना टिन काढला. बियांचाच, पण या वेळी आत ओल्या कापसात गुंडाळलेली एक डहाळी होती. “तुझ्या झाडाची,” तो साहेबांना म्हणाला. “काचघराच्या छताला लागलंय आता.”

टिन आधी माझ्याकडे आला. सवयीप्रमाणे मी एक पान चुरगळून हुंगलं. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पानं होती खरी, कढीपत्त्यासारखीच. पण प्रत्येक पानाची कड करवतीसारखी दातेरी, आणि वास म्हणाल तर पावसात भिजलेल्या कुठल्याही पाल्याचा. मी रेगेंकडे बघितलं. रेगे छताकडे बघत होते.

साहेबांनी टिन घेतला. डहाळी नाकाशी नेली. चमचाभर डिझेल पिंपभर तेलात शोधणारं ते नाक! साहेबांनी डोळे मिटले ते उघडेचनात.

“आईच्या आमटीचा वास,” ते शेवटी म्हणाले. “सुमती, ही पोह्यांच्या फोडणीत घाल.”

वहिनी टिन घेऊन आत गेल्या. मी कपबश्या आणायच्या निमित्ताने मागोमाग गेलो. संशयी स्वभाव, दुसरं काय! ओट्यावर टिन होता, डहाळी त्यात तशीच्या तशी. वहिनी खिडकीतून हात बाहेर काढून आपल्या कुंडीतला कढीपत्ता तोडत होत्या.

“भाऊजी, कप न्या,” त्या मागे वळून न बघता म्हणाल्या.

मी कप घेऊन बाहेर आलो. तेवढ्यात आत तेल तडतडलं आणि तो वास व्हरांडाभर पसरला. गिलीसने दीर्घ श्वास घेतला आणि खुर्चीत मागे टेकला.

“पत्रात लिहीत होतो ना मी,” तो म्हणाला, “झाड छान आहे म्हणून?”

“हो,” आपटेसाहेब म्हणाले. “मीही लिहीत होतो.”